करडीचा मंगळवार

५ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

नमस्कार. वाकून करायला हवा होता, पण मांडीवर एक आजारी मांजर झोपलं आहे आणि त्याला तासभर हलवायचं नाही असं डॉक्टरबाईंनी बजावलं आहे. तू समजून घेशील.

फोन करणार होतो. पण फोनवर तू माझ्याशी कमी आणि शेळ्यांशी जास्त बोलतेस. शिवाय हे नीट मांडायचं आहे. आधी कच्चं लिहून मग पक्कं केलं आहे.

तू सगळ्यांना सांगतेस, आमचा टिंब कुत्र्यांच्या दवाखान्यात आहे. तो दवाखाना नाही, निवारा आहे. रस्त्यावर सापडलेली, कोणी सोडून दिलेली कुत्री इथे आणतात. चाळीस पिंजरे आहेत. प्रत्येक पिंजऱ्यावर एक कार्ड असतं आणि ती सगळी कार्डं मी लिहितो. शाळा नववीत सुटली तरी माझं अक्षर सुटलं नाही, त्याचा इथे उपयोग झाला.

कार्डाच्या शेवटी दोन चौकटी असतात. एक 'चावते', एक 'चावत नाही'. कुठल्या चौकटीत खूण करायची ते चाचणीवरून ठरतं. एका काठीच्या टोकाला रबराचा हात आहे, आत कापूस भरलेला. कुत्रं वाडग्यापाशी असताना तो हात वाडग्यात घालायचा. कुत्रं हाताला चावलं नाही तर त्याला कोणीही घरी नेऊ शकतं. चावलं तर मागच्या रांगेत टाकतात. एकवीस दिवस मूळ मालकाची वाट बघतात. मग डॉक्टरबाई इंजेक्शन देतात. ते शेवटचं.

पूर्वी ही चाचणी कधीही व्हायची. पोट भरलेली कुत्री वाडग्याकडे बघायचीसुद्धा नाहीत, एकेकाला अर्धा अर्धा तास लागायचा. मग मी वेळापत्रक बसवलं. मंगळवारी नसबंदीची ऑपरेशनं असतात. त्यासाठी कुत्री आदल्या दुपारपासून उपाशी असतात, पिंजऱ्याला पिवळी फीत लावलेली असते. चाचणी त्याच सकाळी घ्यायची. पास झालेलं कुत्रं थेट ऑपरेशनला, नापास झालेल्यावर ऑपरेशन वाया जात नाही. वाडग्यावर मी तारेची जाळी बसवून घेतली, म्हणजे वास येतो पण पोटात काही जात नाही. आता पाच मिनिटांत निकाल लागतो. कमिटीच्या साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली होती. आठ महिने झाले.

आता गोंधळ सांगतो. परवा मंगळवारी एक करडी कुत्री हाताला चावली. साधं नाही, रबर फाटलं. मी 'चावते'मध्ये खूण केली आणि तिला मागे टाकलं. काल पिंजरे धुणाऱ्या काकांनी पाइप मारताना तिचं कार्ड भिजवलं. शाई पसरली. खूण दोन्ही चौकटींवर गेली.

मला आठवत होतं. पण आठवणीवरून लिहायचं नाही असा माझा नियम आहे. म्हणून मी पुन्हा चाचणी घेतली. ती नुकतीच जेवायला बसली होती. जाळी नव्हती. हात घातला. तिने खाणं थांबवलं, हात हुंगला, बाजूला सरकली आणि हाताला जागा करून दिली. जणू पाहुणा आलाय.

काका म्हणाले, "अरे कारकुना, तिला वाटलं तूही उपाशी आहेस."

मी नव्या कार्डावर मंगळवारचाच निकाल लिहिला, कारण नियमाने पहिली चाचणी धरतात. पण लिहिताना हात थांबला. दोन्हींतली खरी करडी कुठली? तिचा एकविसावा दिवस मंगळवारी, २४ तारखेला आहे.

तू एवढी जनावरं बघितलीस. तुला काय वाटतं ते लिही.

तुझा,
टिंब


९ फेब्रुवारी

टिंबा,

तुझं पत्र आतोबांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, म्हणजे नेहमीसारखेच.

आदल्या दुपारपासून उपाशी ठेवायचं, मग जाळीखालून वास दाखवायचा आणि वरून हात घालायचा? मी असते तर काठीसकट खाल्ला असता. मला जेवायला उशीर झाला की मी कशी होते ते तुझ्या आतोबांना विचार. सदतीस वर्षं ते वाचलेत ते ताट वेळेवर वाढून ठेवतात म्हणून. मला कोणी मागच्या रांगेत टाकलं नाही.

पाठ थोपटणाऱ्या साहेबांना एकदा उपाशी बसवून जाळीतून जेवण दाखव. कार्ड मी लिहिते.

पण तू विचारलंस खरी कुठली, त्याचं उत्तर मला येत नाही. भुकेलं जनावर वेगळं आणि धालेलं वेगळं, हे खरं. पण कळपात राहायचं तर भूक सगळ्यांनाच लागते. माझा बोकड एरवी गरीब गाय, आणि पाल्याचा भारा दिसला की लेकराला शिंगावर घेतो. तो वाईट आहे की भुकेला, याचा मी कधी विचार केला नाही. मी भारा दोन ठिकाणी टाकते.

इकडे ठीक. थंडी कमी झाली. अकरा शेळ्या गाभण आहेत. थोरली शेळी आता फारशी उठत नाही.

एक विचारायचं होतं. ते इंजेक्शन देतात त्याला किती वेळ लागतो? दुखतं का? सहज विचारते.

आत्या

ता. क. पत्रात एवढ्या टापटिपीने लिहू नकोस, मला उत्तर द्यायची लाज वाटते. लहानपणी सुटलेली टिंबं द्यायला शाळेच्या दारातून परत यायचास, तसाच आहेस.


११ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र मिळालं त्याच दुपारी मी रजिस्टर काढून बसलो.

वेळापत्रकाच्या आधीच्या आठ महिन्यांत पाच कुत्री नापास झाली होती. वेळापत्रकानंतरच्या आठ महिन्यांत एकोणीस. मी तीनदा मोजलं. कुत्री तेवढीच आली होती, चावरी एकदम चौपट कुठून होतील? एकोणिसांपैकी दोघांचे मालक येऊन घेऊन गेले. एक करडी आहे. उरली सोळा.

सोळांचीही कार्डं माझ्याच अक्षरात आहेत. एकही खाडाखोड नाही. मी ती कार्डं टेबलावर मांडली आणि मग कोणी येईल म्हणून पुन्हा गोळा केली. त्यांतला एक पांढरा, एक डोळा गेलेला, मला चांगला आठवतो. मी पिंजऱ्याजवळून गेलो की तो उगाच उठून उभा राहायचा. तो रबराच्या हाताला चावला होता, पण नंतर काठीमागे मी आहे हे दिसल्यावर शेपटी हलवली होती. शेपटीसाठी कार्डावर जागा नाही.

आता तू जे विचारलंस त्याबद्दल. वेळ दीड ते दोन मिनिटं लागतो. आधी झोपेचं एक इंजेक्शन असतं, त्याची सुई टोचते तेवढीच. दुसरं कळत नाही. डोळे उघडे राहतात, म्हणून डॉक्टरबाई वरून हात धरतात.

तू 'सहज' असं लिहिलंस, पण मी समजलो. तुला माझं काम पटलेलं नाही आणि ते तू सरळ न म्हणता विचारलंस. तू बरोबर आहेस, आत्या. मी आता ठाम झालो आहे. जनावराला बोलता येत नाही. आपल्याला त्याचं काय कळतं? काही कळत नाही. मग त्याचं संपवायचं आपण कोण ठरवणार? जोवर ते खातंय, बघतंय, तोवर त्याला हात लावू नये. कोणी कितीही शहाणा माणूस सुई घेऊन आला तरी त्याला परत पाठवावं. थांबावं. थांबण्यात चूक होऊ शकत नाही. हे मी सोळा कार्डांवरून शिकलो.

डॉक्टरबाईंना सांगायचं आहे. दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो. एकदा त्या मांजराला टाके घालत होत्या. एकदा काही करत नव्हत्या, तरी मी परत आलो.

तुझा,
टिंब


१५ फेब्रुवारी

टिंबा,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. बरं झालं वेळेवर आलं. शनिवारी माणूस यायचा होता, त्याला परत पाठवलं. तू म्हणालास तसं थांबलोय.

डॉक्टरीणबाईंना सांगून टाक. बोलायचं ते पोटात ठेवलं की कुजतं.

जास्त लिहीत नाही, इकडे हात अडकलेत.

आत्या


१८ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

कुठला माणूस आणि कशासाठी थांबलात ते तू लिहिलं नाहीस. गोठ्याच्या पत्र्याचं काम असेल असं धरतो. उन्हाळ्याच्या आत करून घ्या.

मी सांगितलं. काल, मंगळवारी, ऑपरेशनं संपल्यावर. सोळा कार्डं आणि रजिस्टर घेऊन गेलो. डॉक्टरबाई हात धूत होत्या. मी सगळं सांगितलं, जाळीसुद्धा. त्या पाठमोऱ्याच होत्या. जे बोलणं झालं ते जसंच्या तसं लिहितो.

त्या म्हणाल्या, "निकालावर सही कोण करतं?"

"तुम्ही."

"सही करायला मी पिंजऱ्यापाशीच येते ना? फीत कुठल्या रंगाची असते?"

"पिवळी."

"मला रंग दिसतात."

मी म्हणालो, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी नळ बंद केला. "माहीत होतं असं नाही. बघितलं होतं आणि विचार केला नव्हता. की केला होता, कुणास ठाऊक. चाळीस पिंजरे आहेत रे. ती सोळा गेली म्हणून दुसरी सोळा आत घेता आली. तुझी काठी नसती तर मला दुसरं काही कारण शोधावं लागलं असतं. वय, खरूज, काहीतरी. तुझं कारण स्वच्छ अक्षरात होतं."

"मग चूक माझी की नाही?"

"ते मला नको विचारूस. मी तुला चूकही म्हणत नाही आणि बरोबरही. पुढच्या आठवड्यापासून चाचणी गुरुवारी, जेवणानंतर. जाळी काढून टाक."

"आणि करडी?"

"तिचा मंगळवार ठरलाय. एका घरातून एकवीस कुत्री येणार आहेत, म्हातारी बाई पाळत होती, ती गेली. तू सांग, ती कुठे ठेवू? माझ्या डोक्यावर? एक चाचणी, एक निकाल. नाहीतर सगळ्यांनाच पुन्हा तपासावं लागेल."

मी बाहेर आलो. आत्या, मला वाटलं होतं सांगितल्यावर एक तर हलकं वाटेल किंवा शिक्षा होईल. दोन्ही झालं नाही. मी अपराधी असतो तर निदान काय करायचं ते कळलं असतं. आता ती सोळा कुत्री माझ्यामुळे गेली की जागेमुळे, हेही नक्की नाही. आणि त्यांच्या जागी आलेली जी आज बाहेर अंगणात खेळत आहेत, त्यांच्याकडे बघून आनंद करावा की काय करावं, तेही.

काका म्हणाले, "तू कमिटीसारखा विचार करतोस आणि कुत्र्यासारखा रडतोस. एक कायतरी कर."

सहा दिवस उरले. तू काहीतरी सुचव.

तुझा,
टिंब


२१ फेब्रुवारी

टिंबा,

गोठ्याचा पत्रा धड आहे. परत पाठवला तो पत्रेवाला नव्हता, जनावरांचा डॉक्टर होता.

तुला सांगणार नव्हते. पण तू परत 'सुचव' म्हणून लिहिलंस आणि माझं डोकं फिरलं.

थोरलीच्या कासेला दिवाळीनंतर गाठ आली होती. जानेवारीत फुटली. डॉक्टर म्हणाला, हे बरं व्हायचं नाही, तुम्ही म्हणाल तेव्हा इंजेक्शन देतो, तिला सोडवू. आमचं मन होईना. चौदा वेतं झाली तिची, आई मेलेली दुसऱ्या शेळ्यांची करडंही तिनेच पाजली. म्हणून मी तुला विचारलं, दुखतं का, किती वेळ लागतो. तुझं उत्तर आलं. जोवर खातंय, बघतंय, तोवर हात लावू नये. शहाण्याला परत पाठवावं. थांबण्यात चूक होऊ शकत नाही.

ती खात होती, टिंबा. बघतही होती. मी पाला तोंडाशी धरला की दोन पानं खायची, माझ्यासाठी. म्हणून मी त्याला दारातून परत पाठवलं. आतोबा तेव्हा पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "तिला विचार, टिंबाला नको." मी म्हटलं, पोरगं त्यातच काम करतं, त्याला जास्त कळतं.

पाच दिवस लागले. जखमेत अळ्या पडल्या. मी चिमट्याने काढायचे, संध्याकाळपर्यंत परत तेवढ्याच. शेवटचे दोन दिवस तिने पानही घेतलं नाही. डॉक्टरला निरोप धाडला तर तो दुसऱ्या गावी गेलेला. गुरुवारी दुपारी गेली. दीड मिनिट नाही. पाच दिवस.

मी तुला दोष देत नाही. देते. देत नाही. मला पूर्ण विचारायचं होतं आणि मी अर्धं विचारलं, 'सहज' म्हणून. तू माझं अर्धं वाचलंस आणि पूर्ण उत्तर दिलंस, तेही अशा अक्षरात की छापलेलं वाटावं. आधी तू त्या कुत्र्यांना खात्रीने नापास केलंस. मग खात्रीने मला थांबवलंस. तुझी खात्री दोन्ही वेळा दुसऱ्याच्या अंगावर गेली.

करडीचं मी काही सुचवणार नाही. मला माझंच कळत नाही.

अंगाला जप. जेवत जा.

आत्या


२४ फेब्रुवारी, मंगळवार

प्रिय आत्या,

तुझं पत्र काल दुपारी आलं. मी ते पिंजऱ्यांच्या मागच्या बोळात उभ्याने वाचलं आणि मग खाली बसून परत वाचलं. थोरलीबद्दल मी काय लिहू? मी तिच्या पाठीवर बसून पडलो होतो, तेव्हा तिने मागे वळून बघितलं होतं. मी जे लिहिलं ते तुला नव्हतंच लिहिलं. त्या सोळांना लिहिलं होतं, आणि पत्ता तुझा घातला. माफी मागतो, पण माफीने काही जागचं हलत नाही हेही मला दिसतं.

आज सकाळचं सांगतो. क्रमाने सांगतो, कारण क्रम सोडला की माझ्या हातातून सगळंच सुटतं.

काल दुपारनंतर मी करडीला जेवण दिलं नाही. कोणी सांगितलं नव्हतं. फीतही लावली. का, ते मला नीट सांगता येत नाही. माझा विचार असा होता: उपाशी असताना, जाळी असताना, ती खऱ्या हाताला चावली नाही, तर मंगळवारचा निकाल चुकीचा होता हे डॉक्टरबाईंसमोर ठेवता येईल. निदान मी असा विचार केला असं मला वाटतं.

आज सकाळी नऊला मी आत गेलो. वाडगा ठेवला, जाळी ठेवली. काठी घेतली नाही. उजवा लिहिता हात होता, म्हणून डावा घातला.

ती गुरगुरली. मग तिने माझा हात तोंडात धरला. मनगटाच्या थोडा पुढे. दात लागले. मी हललो नाही, ती हलली नाही. तिचे डोळे माझ्याकडे होते, वाडग्याकडे नव्हते. किती वेळ गेला माहीत नाही, घड्याळ त्याच हातात होतं. मग मी उजव्या हाताने जाळी काढली आणि तिने माझा हात सोडला. सोडून खायला लागली. खाताना मधेच थांबून एकदा माझी बोटं चाटली.

तेवढ्यात डॉक्टरबाई ट्रे घेऊन आल्या. ट्रेमध्ये दोन सुया होत्या. त्यांनी माझा हात बघितला.

"चावली का?"

आत्या, इथे एक नियम आहे आणि तो भिंतीवर माझ्याच अक्षरात लावलेला आहे. कुत्रं माणसाला चावलं तर त्याला दहा दिवस जिवंत ठेवून बघायचं, पिसाळलेलं नाही ना म्हणून. त्या दहा दिवसांत त्याला कोणीही इंजेक्शन देऊ शकत नाही. कमिटीसुद्धा नाही. म्हणजे मी 'चावली नाही' म्हणालो असतो तर ती गुणी ठरली असती आणि दहा मिनिटांत गेली असती. 'चावली' म्हणालो तर ती चावरी ठरणार आणि दहा दिवस जगणार.

मी म्हणालो, "हो. चावली."

त्यांनी हात उजेडात धरला. "रक्त कुठंय?"

"आत असेल."

"रक्त आतच असतं," त्या म्हणाल्या. बराच वेळ माझा हात तसाच धरून ठेवला. मग ट्रे खाली ठेवला, नवं कार्ड माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "लिही. मी सही करते."

मी 'चावते'मध्ये खूण केली. मग त्या मला आत घेऊन गेल्या, कारण ज्याला कुत्रं चावतं त्यालाही लस घ्यावी लागते. तेव्हा आज ठरल्या वेळी इंजेक्शन झालं, पण मला. काका हसून हसून खाली बसले. आणखी काही इंजेक्शनं घ्यायची आहेत.

दहा दिवस ६ मार्चला संपतात. त्यानंतर तिला वाचवायला काही नाही. माणसाला चावलेलं कुत्रं आम्ही घरी देत नाही. फक्त एक वाट आहे. कोणी शेतावर राखणीला नेणारा, चावते हे माहीत असून, स्वतः सही करून घेऊन गेला तर नेता येतं. तुझ्याकडे अकरा गाभण शेळ्या आहेत, मला ठाऊक आहे. तू नाही म्हणालीस तरी मी समजेन.

तुझा,
टिंब


२७ फेब्रुवारी

टिंबा,

नाही म्हणायला बसले होते. दोन ओळी लिहूनही झाल्या होत्या. आतोबांनी कागद काढून घेतला आणि म्हणाले, "आधी विचार तर."

म्हणून विचारते. पूर्ण विचारते, 'सहज' नाही. माझ्याकडे अकरा शेळ्या व्यायच्या आहेत. ओली करडं अंगणात पडतील, त्यांच्या अंगाला वास येतो, त्यांना चाटायला कुत्रं येतं आणि चाटता चाटता काही कुत्री चावतात. मी दोनदा बघितलंय. म्हणून मला सांग. ती चावली की नाही चावली? कार्डावर काय आहे ते नको. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते नको. हात तुझा होता.

जे लिहिशील त्यावर मी ठरवीन.

आत्या


१ मार्च

प्रिय आत्या,

या पत्राचं कच्चं केलेलं नाही.

तुझ्या प्रश्नावर मी रात्रभर बसलो. 'चावली नाही' असं लिहिलं की तू येशील, हे मला कळत होतं. 'चावली' असं लिहिलं की निदान मी कार्डाशी खरा राहीन, हेही कळत होतं. दोन्ही मनात लिहून बघितलं.

मला माहीत नाही, आत्या.

दात लागले होते. चार खुणा होत्या, दोन वर, दोन खाली. दुसऱ्या दिवशी गेल्या. दाबलं असतं तर हाड गेलं असतं, एवढी ताकद तिच्यात आहे. तिने दाबलं नाही. पण मी जाळी काढली नसती तर तिने दाबलं असतं का? मी हललो असतो तर? तिने मला धरून ठेवलं होतं की स्वतःला? मी ओरडलो नाही म्हणून ती थांबली, की ती थांबली म्हणून मी ओरडलो नाही? आणि मी हात घातला तो तिला निर्दोष ठरवायला, की भिंतीवरचा नियम डोक्यात असल्यामुळे ती चावावी म्हणून? तेही मला माहीत नाही. तेव्हा वाटलं होतं माहीत आहे.

ओल्या करडांपाशी ती काय करील, ते तर मी सांगूच शकत नाही. ती पोटभर असेल आणि कोणी तिला डिवचलं नाही, तर बरी राहील असं मला वाटतं. पण वाटणं म्हणजे काय, ते तुला माझ्यामुळे समजलंच आहे.

रोज सकाळी मी पिंजऱ्याबाहेर बसतो. ती जवळ येऊन जाळीला पाठ लावून बसते. यावरून काही ठरत नाही. घडतं म्हणून सांगितलं.

तुझा,
टिंब


३ मार्च

टिंबा,

दोन्हींपैकी कुठलंही एक लिहिलं असतंस तर मी आले नसते.

गुरुवारी सकाळच्या गाडीने आतोबा आणि मी दोघं येतो. सही मी करीन. 'चावते' हे वाचून करीन, डॉक्टरीणबाईंना सांगून ठेव, म्हणजे नंतर कोणी त्यांच्या गळ्याशी यायला नको. दहावा दिवस तिथेच पुरा करू, तिच्या पिंजऱ्यापाशी बसू. तुझ्या त्या काकांना म्हणावं, दोन खुर्च्या काढून ठेवा.

शेळ्या व्यायच्या दिवसांत तिला वरच्या खोपटात ठेवणार आहे, मधे दार लावून. करडं महिन्याची झाली की दोरीने खाली आणीन. पहिल्यांदा आतोबा धरतील, कारण ते घाबरत नाहीत आणि बोलत नाहीत. बिघडेल असं नाही, बिघडणार नाही असंही नाही. मी रात्रंदिवस तिथेच आहे, मला दिसेल.

आणि एक ऐकून ठेव. तिने एखादं करडू धरलंच, आणि पुढे काय करायचं ते ठरवायची वेळ आली, तर मी तुला फक्त 'ये' एवढंच कळवीन. तू यायचं. तिच्यासमोर उभं राहायचं, माझ्या शेजारी, आणि मग तोंडाने सांगायचं. त्या वेळी तुझं पत्र आलं तर मी ते फोडणार नाही.

आत्या